वेळ घालवू नका

"पोस्टर जरा उंच धरा, मास्तरीणबाई. अक्षरं दिसत नाहीयेत," फोटोग्राफर म्हणाला.

"हात वर जात नाही."

"थोडासाच हो. एकच फोटो."

तिने उजव्या हाताने पोस्टर उचललं. डावीकडचं टोक खालीच लोंबत राहिलं. ऑपरेशनपासून तो हात खांद्याच्या वर जात नव्हता. फोटोग्राफरला ते माहीत असायचं कारण नव्हतं. शेजारी हेल्मेट काखेत धरून उभ्या असलेल्या मास्तरांना मात्र माहीत होतं. ते कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. पोस्टरवरही तेच हसत होते आणि त्यांच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं : 'गाठ अंगावर काढू नका. वेळ घालवू नका.'

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. आठवडाभर शिकाऊंच्या शेजारी बसून 'क्लच, क्लच, अहो ब्रेक!' करत गोगलगायीच्या चालीने शहर पालथं घालायचं आणि त्याचा सगळा वचपा सुट्टीच्या दिवशी शर्यतीत काढायचा. त्यांच्यासारखे चौदा हौशी होते. दातांचा डॉक्टर होता, बेकरीवाला होता, बँकेतली एक बाई होती. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर ते गाड्या पळवत. यंदाची शर्यत त्यांनी कर्करोगाबद्दल जागृती करायची म्हणून ठेवली होती. गाड्यांना गुलाबी पट्टे लावले होते. मोफत तपासणीची व्हॅन कडेला उभी होती. सकाळपासून तिच्यात कुणी चढलं नव्हतं. आतली नर्स दारात येऊन कंटाळून गाड्या बघत होती.

मास्तरीणबाई नुसती नावाची मास्तरीण. ती गाड्यांच्या सीटा शिवायची. मास्तरांच्या शर्यतीच्या गाडीची सीटही तिनेच शिवलेली, त्यांच्या पाठीचं माप घेऊन. आता रेक्झिन ताणून धरलं की डावा हात कोपरापर्यंत सुजायचा. दुकान आठवड्यातून दोनच दिवस उघडं असायचं.

गाठ तिला गेल्या वर्षी मार्चमध्ये लागली होती. तिने मास्तरांना सांगितलं तेव्हा ते गाडीखाली होते. "एवढी शर्यत होऊ दे गं," खालून आवाज आला. मेमध्ये जेवताना सांगितलं. "दुखतंय का? नाही ना? मग?" जुलैत पुन्हा सांगितलं, तर ते टायरची हवा बघत होते. "तुला सगळं नेमकं आजच कसं आठवतं?"

ऑगस्टमध्ये ती एकटीच बसने दवाखान्यात गेली. एवढ्या मोठ्या ड्रायव्हिंग मास्तरांच्या बायकोला गाडी येत नव्हती. 'शिकवू की, पळून चाललीय का गाडी?' यात वीस वर्षं गेली होती. पण खरं सांगायचं तर अडचण गाडीची नव्हतीच. तिला भीती वाटत होती, आणि दाराबाहेर कुणीतरी आपलं माणूस बसलेलं हवं होतं.

"इतके महिने काय करत होतात?" डॉक्टरांनी विचारलं. मग नणंदेने सगळ्या नातेवाइकांत पसरवून टाकलं, "शहाणीसुरती बाई, पण दुखणं अंगावर काढलंन्." मास्तरांनी ते कधी खोडून काढलं नाही. तिनेही गिळलं.

माइकवरचा माणूस आता रंगात आला होता. "बायकोच्या आजारपणात हा माणूस डोंगरासारखा पाठीशी उभा राहिला! आज हा पळतोय तो तिच्यासाठी! टाळ्या! मास्तरीणबाई, दोन शब्द."

माइक हातात आला. मास्तर कानाशी वाकले. "आभार मान आणि दे परत. उशीर होतोय."

उशीर. तिने माइक ओठांजवळ नेला.

"मी अंगावर काढलं नाही," ती म्हणाली. आवाज मैदानभर जात होता. "मी मार्चमध्ये सांगितलं. मेमध्ये सांगितलं. जुलैत सांगितलं. यांना शर्यती होत्या. हे पोस्टर माझ्यासाठी नाही. मला वाचता येत होतं. ज्याला वाचायला हवं होतं, त्याचाच फोटो छापलाय यावर. बायांनो, कुणाला वेळ मिळायची वाट बघू नका. ती व्हॅन तिकडे उभी आहे."

दातांचा डॉक्टर आपल्या बुटांकडे बघू लागला. कुणीतरी चुकून टाळी वाजवली आणि थांबला. "भावना समजू शकतो आपण," असं काहीतरी पुटपुटत माइकवाल्याने घाईघाईने गाणं लावलं.

शर्यत झाली. एरवी पहिल्या तिघांत येणारे मास्तर आज अकरावे आले. गाडीतून उतरले ते तडक तिच्याकडे, घामाने निथळत.

"हे सगळ्यांसमोर बोलायचं होतं?"

"घरात बोलले होते. तीनदा."

ते काही बोलणार तेवढ्यात शर्यत बघायला आलेली नणंद मध्ये पडली. "अगं, मनाला लागलं म्हणूनच तर हे सगळं करतोय ना तो!"

"मग पोस्टरवर तेच लिहायचं होतं," ती म्हणाली. "चूक माझी झाली, असं. तीन शब्द. जागाही भरपूर होती."

मास्तर हातमोजे काढत राहिले. एक निघाला, दुसरा निघेना. एरवी तिने पुढे होऊन ओढला असता. आज ती वळली आणि चालू लागली.

व्हॅनच्या मागच्या बाजूला बेकरीवाल्याची बायको उभी होती. सकाळपासून पावाच्या टेबलामागे होती. ॲप्रनला पीठ तसंच होतं.

"तुमची... कशी लागायची हाताला?"

"तुम्हाला लागते का काही?"

तिने होकारार्थी मान हलवली. "वेड्यासारखी इथे तीनदा येऊन गेले. आत पाय उचलत नाही."

"तुमच्या यांना सांगितलंत?"

"यांना आज ट्रॉफी मिळायचीय."

"चला. मी बाहेर बसते. उठणार नाही."

बेकरीवालीने पर्स तिच्याकडे दिली आणि व्हॅनमध्ये चढली. नर्सने दार ओढून घेतलं. मास्तरीणबाई पायरीवर बसली. पलीकडे बक्षिसं वाटायला सुरुवात झाली होती. थोड्या वेळाने मांडीवरच्या पर्समध्ये फोन थरथरला. उघड्या चेनमधून पडद्यावरचं नाव दिसत होतं : 'अहो'.

वाजून वाजून तो बंद झाला, पुन्हा वाजू लागला. तिने चेन लावली, पर्स दोन्ही हातांनी धरली आणि तशीच बसून राहिली.