वासांची निवड

बाबांच्या पोस्टकार्डाला किंजलने अजून उत्तर दिलं नव्हतं. झाईहून आलेलं ते कार्ड देवाच्या फळीवर कुंकवाच्या डबीखाली पडून होतं. सकाळी दिवा लावताना चंद्रावतीबाई ते उचलायच्या, पदराने पुसायच्या, पुन्हा तिथेच ठेवायच्या आणि सुनेला विचारायच्या, "धाडलंस का गो बाय उत्तर?"

"आज लिहिते, आई."

किंजलचे बाबा, रामू, जन्मभर मासेमारीच्या बोटीवर इंजिनाशेजारी बसलेले. त्या इंजिनाने त्यांचे कान नेले. फोनवर बोललेलं त्यांना कळत नसे, आणि मोबाइलवरची अक्षरं त्यांना ओल्या वाळूवरच्या कुर्ल्यांच्या पावलांसारखी दिसत. म्हणून लेक लग्न होऊन डहाणूच्या खाडीकाठी आल्यापासून दोघांचं बोलणं पोस्टकार्डावरच चाले. माणूस भिडस्त. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून काढेल, पण चारचौघांत तोंड उघडणार नाही. या वेळच्या कार्डावर मात्र त्यांनी बराच धीर करून लिहिलं होतं : 'जावईबापूंचा निरोप पोचला. आनंद झाला. तुझी आई असती तर हे तिनेच विचारलं असतं. मला संकोच वाटतो, पण विचारतो. तू काय खातेस? पोटात राहतं का? खरं ते लिही.'

'खरं ते लिही' इथेच तर किंजलची गाडी अडली होती. खरं लिहायचं तर 'मसाला वेफर' एवढंच लिहावं लागलं असतं.

दिवस राहिल्यापासून तिच्या पोटात दुसरं काही ठरेना. भात शिजायला लागला की मळमळ, फोडणी पडली की मोरीकडे धाव. चहा घोटभर जायचा आणि दोन घोट बाहेर यायचा. एका दुपारी भाविकने नाक्यावरून वेफरचं पाकीट आणलं, ते तिने उभ्याउभ्या संपवलं आणि ते राहिलं. नवऱ्याला वाटलं, आपण औषधच शोधून काढलं. बोटीवर जाण्याआधी त्याने पाकिटांची माळच्या माळ आणून खुंटीला टांगली.

"काहीतरी खाते ना, मग झालं," तो म्हणाला.

पण ते 'झालं' नव्हतं. सकाळी उठून पाकीट, दुपारी पाकीट, संध्याकाळी जीभ पुन्हा त्याच खारट-तिखटासाठी वळवळायची. जेवायची वेळ झाली की पोट फुगलेलं आणि तोंड कोरडं. हिंडताफिरताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. रिकामी पाकिटं ती गादीखाली सारायची. कूस बदलली की गादी चुरचुर वाजायची आणि पलीकडून चंद्रावतीबाई अंधारात विचारायच्या, "उंदीर आहे का गो?"

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं. वजन उतरलं होतं.

"वेफर खाल्लेस म्हणून मी ओरडणार नाही," त्या म्हणाल्या. "काहीच राहत नसेल तर जे राहतं ते खायचं. पण नुसत्या त्यावर तुझंही भागणार नाही आणि बाळाचंही. थोडं थोडं खा, घोट घोट पाणी पी. अंथरुणातून उठायच्या आधी काहीतरी कोरडं खा. आणि मुख्य म्हणजे, उलटी कशाकशाने होते ते शोध. पुढल्या सोमवारी वजन आणखी उतरलेलं दिसलं, किंवा त्याआधी पाणीसुद्धा पोटात राहीनासं झालं, तर भरती करून सलाईन लावावी लागेल."

परतताना रिक्षात चंद्रावतीबाई सारखं पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. किंजल मात्र एकच गोष्ट मनात घोकत होती. सोमवारी काटा खाली जाता कामा नये. दवाखान्यातल्या खाटेवर पडून बाबांना पत्र लिहायचं नाही.

शोधायचं कसं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. बंदरावर पाटी ओतली की मासळीचा मिसळलेला ढीग पडतो. त्याकडे नुसतं बघत बसलं तर काही हाती लागत नाही. एकेक उचलायचं, कोळंबी इकडे, मांदेली तिकडे, चिखल बाजूला. लहानपणापासून तिचे हात तेच करत आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वासांचा तसाच ढीग ओतला आणि निवडायला बसली.

चुलीचा धूर हुंगला. काही नाही. भाताची वाफ, मळमळ, पण भात निवल्यावर नाही. तेलाची फोडणी, उलटी. लिंबाची साल, बरं वाटलं. आल्याचा तुकडा, चालेल. खोबरेल तेल, चालेल. दारामागे उभं राहून सुनेने रॉकेलच्या बाटलीचं बूच हुंगलेलं पाहून चंद्रावतीबाईंनी कपाळाला हात लावला.

"अगो, हे काय डोहाळे?"

"डोहाळे नाहीत आई, निवडते आहे."

दुपारपर्यंत सगळं निवडून झालं, आणि मग तिच्या लक्षात आलं की या घरात जो वास सगळ्यात आधी यायला हवा तोच ढिगात नाही. मासळीचा.

झालं होतं ते असं. सुनेला दिवस गेल्याचं कळताच चंद्रावतीबाईंनी घरातून मासळी हद्दपार केली होती. अंगणातल्या खळ्यात बांबूच्या दांड्यांवर बोंबील सुकत असत, दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगलेले. ऐन थंडीचा, वाळवणीचा हंगाम. तरी त्यांनी सगळ्या दांड्या उपटून शेजारच्या पुतळीच्या खळ्यात रोवल्या. तीन महिने पुरे व्हायच्या आत बातमी फोडायची नाही, म्हणून गावाला सांगितलं, अंगण सारवायचं आहे. त्यानंतर सारवणाचं शेण कुणी पाहिलं नाही. उलट घरात फिनेल आलं, आणि मासळीचा उरलासुरला वास जावा म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ मोगऱ्याच्या अगरबत्त्या जळू लागल्या. सगळ्या गावाने काय ते ओळखलं आणि कुणी काही विचारलं नाही. फक्त पुतळीमावशी येता-जाता म्हणायची, "चंद्रावतीने देऊळ काढलं. नारळ कुठे फोडायचा सांग."

किंजल उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि पुतळीमावशीच्या खळ्यात गेली. दिवस गेलेल्या बाईला मासळीचा वास सोसत नाही, हे तिनेही जन्मभर ऐकलेलं. पण ढिगातली एक मासळी न बघता तशीच टाकायची, हे तिच्या हाताला पटत नव्हतं.

दांड्यांच्या दोन रांगांमध्ये ती उभी राहिली. वाऱ्यावर बोंबील एकमेकांवर आपटून हलके वाजत होते. तिने तोंडावर पदर धरला होता, तो हळूच काढला. श्वास घेतला. तोंडाला पाणी सुटलं नाही, म्हणजे उलटीच्या आधी सुटतं ते सुटलं नाही. तिने आणखी एक मोठा श्वास घेतला. झाईचं घर आठवलं, आईच्या लुगड्याचा खारा वास आठवला, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिला साधी, सरळ भूक लागली.

पुतळीमावशी पडवीत निखाऱ्यावर बोंबील भाजत होती. समोर तांदळाची भाकरी, पितळीत निवलेली पेज.

"ये देवळातल्या बाय," ती म्हणाली. "इथे वास मारेल हो."

"मावशी, मला एक बोंबील दे."

पुतळीमावशीचा हात थांबला. "माझ्या दारात ओकलीस तर तुझी सासू मला जिवंत ठेवील का?"

"ओकले तर मी धुते. दे."

मावशीने भाजलेला बोंबील झटकला, पाण्यात बुडवून मीठ उतरवलं, पुन्हा निखाऱ्यावर फिरवून भाकरीच्या चतकोरावर ठेवला. किंजलने कडेचा तुकडा मोडला. तो कुरकुरीत होता, खारट होता. पाकिटात जीभ जे शोधत होती, ते इथे होतंच, वर भाकरीही जात होती. तिने घाई केली नाही. तुकडा, घोटभर पेज, थांबायचं. पुन्हा तुकडा. मावशी तिच्या तोंडाकडे अशी बघत होती, जशी काही खाडीला चढणारी भरतीच बघते आहे.

चतकोर संपला. राहिला.

"काय नवरा आणतो गो तुला, ती फुसफुशी पाकिटं?" मावशीने विचारलं. "त्यात अर्धी तर हवाच भरलेली असते. हवा खाऊन पोर व्हायचं का?"

किंजल बऱ्याच दिवसांनी हसली.

तिथून उठून ती घरी आली. उंबऱ्यात पाय टाकला मात्र, आणि मोगऱ्याच्या धुराची लाट नाकावर आली. ती तशीच मागे वळली आणि अंगणाच्या कडेला वाकली. खाल्लेलं सगळं गेलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मनात लख्ख झालं होतं. ढीग निवडून झाला होता. चिखल कुठला ते कळलं होतं. सतत नाकातच असलेला हा वास तिने वेगळा काढून हुंगलाच नव्हता.

आता अवघड काम पुढे होतं. चंद्रावतीबाईंना हे सांगायचं कसं?

त्या तिची पाठ चोळत होत्या. "पुतळीकडे गेलीस ना? मासळीत गेलीस. म्हटलं होतं की नाही?"

"आई, मासळीने नाही."

"मग कशाने?"

किंजलने पाणी घेऊन चूळ भरली, तोंड पुसलं आणि सासूकडे सरळ बघितलं. "अगरबत्तीने. आणि फिनेलने. तिकडे मी बोंबील-भाकरी खाल्ली, ती राहिली होती. इथे आले आणि गेली."

चंद्रावतीबाईंचा हात पाठीवरून निघाला. त्या पडवीत भिंतीला टेकून खाली बसल्या.

"भाविकच्या वेळी," त्या म्हणाल्या, "मी जवळा वाळवायला बसायची आणि पाटीतच ओकायची. माझी सासू म्हणायची, नाटकं करते, पाटी धुऊन घे आणि पुन्हा बस. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या सुनेवर ही पाळी येऊ द्यायची नाही. नाकात मासळी जाऊ द्यायची नाही." त्यांनी नाक ओढलं. "आणि आता तू सांगतेस, मीच तुला ओकवत होते."

किंजल त्यांच्याजवळ बसली. माघार घ्यावी, आई, असू दे म्हणावं, असं क्षणभर तिला वाटलं. सोमवारचा काटा डोळ्यांपुढे आला.

"तुम्ही तुमच्या नाकाने माझं ठरवलंत," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमचं नाक तसं, माझं असं. आजची रात्र अगरबत्ती लावू नका. उद्या मी पुन्हा ओकले तर तुम्ही म्हणाल तसं करीन."

"देवापुढे पण नको?"

"देवापुढे दिवा आहे की."

चंद्रावतीबाई उठून आत गेल्या. जळती अगरबत्ती त्यांनी मातीत खुपसून विझवली. मग फिनेलची बाटली उचलून, दूर, थेट गुरांच्या गोठ्यामागे ठेवून आल्या आणि साध्या पाण्याने सगळी जमीन धुऊन काढली. तोंडाने पुटपुटणं चालूच होतं, "मासळीत सुख वाटणारी गर्भारशी मी पहिल्यांदाच बघते." दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत पुतळीमावशीच्या खळ्यातल्या दांड्या परत आल्या. मावशी स्वतः बांबू खांद्यावर घेऊन आली.

"देऊळ बंद पडलं का गो चंद्रावती?"

"तू गप बांबू रोव."

सगळं एका दिवसात सरळ झालं असं नाही. फोडणी अजून सोसत नव्हती, ती चंद्रावतीबाई बाहेर पडवीत घालू लागल्या. भात निववून, वर लिंबू पिळून मिळू लागला. उशाशी वाटीत भाजलेले कुरमुरे आणि चणे असत, ते चघळल्याशिवाय किंजल पाय खाली टाकत नसे. एका सकाळी तरीही सगळं उलटलं, आणि त्या दिवशी ती रडली. पण दुपारी पुन्हा पेजेची वाटी घेऊन बसली.

वेफरचं वेड तर गेलंच नाही. संध्याकाळ झाली की खुंटीवरची माळ वाऱ्याने सळसळायची आणि तिचं चित्त तिकडेच. पाकिटं फेकून द्यायचं तिने ठरवलं नाही, कारण मग ती चोरून नाक्यावर गेली असती, हे तिला आपल्याबद्दल माहीत होतं. तिने कायदा केला : आधी काहीतरी खरं खायचं, मग पाकीट फोडायचं, त्यातले छोट्या वाटीभर वेफर काढायचे आणि उरलेलं पाकीट सासूच्या हातात द्यायचं. पहिल्या संध्याकाळी वाटी रिकामी झाल्यावर ती चंद्रावतीबाईंच्या मुठीकडे बघत राहिली.

"द्या ना आई, दोनच."

"कायदा कुणाचा?"

"माझा."

"मग माझ्याकडे काय मागतेस?" असं म्हणून उरलेले वेफर चंद्रावतीबाईंनी स्वतःच तोंडात टाकले, आणि तिखट लागल्यावर खोकत बसल्या.

बोटीवरून आलेल्या भाविकने अंगणात बोंबील आणि खुंटीवर अर्धीच माळ बघितली. "हे काय, संपवली नाहीस?" त्याने विचारलं. किंजलने त्याच्या हातातली नवी माळ घेतली आणि म्हणाली, "ही दुकानात परत दे. चणे आण."

सोमवारी ती काट्यावर उभी राहिली. चंद्रावतीबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"वाढलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण उतरलंही नाही. छान. काय केलंस?"

किंजलने सांगितलं. त्या हसल्या. "सुकी मासळी खारट असते, बेताने खा, धुऊन आणि नीट भाजून. बाकी चालू ठेव. आज भरती नाही."

बाहेर आल्यावर चंद्रावतीबाई रिक्षा बघू लागल्या. किंजल म्हणाली, "आई, आधी पोस्टात जाऊ."

पोस्टाच्या खिडकीत तिने कोरं कार्ड घेतलं, तिथल्या उंच टेबलावर ठेवलं आणि लिहिलं :

'बाबा, उत्तराला उशीर झाला. खरं लिहायला सांगितलं होतंत आणि खरं लिहिण्यासारखं नव्हतं, नुसती पाकिटं खात होते. आता लिहिते. सकाळी कुरमुरे आणि चणे. मग पेज. दुपारी निवलेला भात, लिंबू. भाजलेला बोंबील, भाकरी. संध्याकाळी वाटीभर वेफर, तेही लिहिते. कधी राहतं, कधी राहत नाही, पण आज काटा खाली गेला नाही. तुमच्याकडचा बोंबील आमच्यापेक्षा चांगला सुकतो. येताना आणा.'

चंद्रावतीबाई खांद्यावरून वाचत होत्या. "आमच्यापेक्षा चांगला?" त्यांनी विचारलं.

"खरं लिहायचं आहे, आई."

चंद्रावतीबाईंनी तोंड वाकडं केलं. मग तिच्या हातातलं कार्ड घेऊन त्यांनी पदराने पुसलं, जसं फळीवरचं पुसायच्या तसं, आणि परत दिलं. किंजलने ते लाल पेटीच्या फटीत सरकवलं आणि आत पडल्याचा आवाज येईपर्यंत बोटं तिथेच ठेवली.