साबणाचा ढग

काचेच्या वाटीत चमचाभर दूध, फिरतंय... पिवळ्या उजेडात, तबकडीवर, एखाद्या लहानग्या चंद्राला खुर्चीत बसवून गोल फिरवावं तसं — आणि नाकसाहेब मायक्रोवेव्हच्या जाळीदार काचेला कपाळ टेकवून बघतायत. फाटतंय... नाही फाटत... कडेचा तो पांढरा कण दुधातला की आपल्याच डोळ्यातला... छे, साय आहे ती, सायच. घंटी वाजली. दूध अख्खं होतं. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि वाटीतला पुरावा त्यांनी एका घोटात नाहीसा केला.

"काय म्हणतंय नाक?" बाहेरच्या खोलीतून बायकोने विचारलं.

"संध्याकाळपर्यंत काढेल," त्यांनी ऐटीत सांगितलं. आणि ती ऐट इतकी अस्सल उतरली की क्षणभर त्यांना स्वतःलाच वाटलं, दूध आपण हुंगूनच पारखलं.

हुंगणं तर गेल्या थंडीतच संपलं होतं. ताप आला, ताप गेला, आणि जाताना घरातली एकच वस्तू उचलून घेऊन गेला. सकाळी चहाचा कप तोंडाशी नेला तर आत नुसतं गरम रंगीत पाणी. जिभेला पोळलं, गोड लागलं, पण चहा म्हणून जे काही असतं ते कपात नव्हतंच. त्यांनी कांदा हुंगला, फिनेलची बाटली हुंगली, बायकोची तेलाची शिशी हुंगली — सगळीकडे तीच धुतलेली, रिकामी हवा. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित येणारही नाही, नाकाचं काही सांगता येत नाही. आणि हे कोणाला ऐकवलं त्यांनी? ज्या माणसाने उभा जन्म साबणाच्या कारखान्यातल्या सुगंधाच्या खोलीत काढला, कागदाच्या पट्ट्या नाकाखाली धरून गुलाब आजचा की कालचा ते सांगितलं. ज्याने — हे ते स्वतःच सांगत, आणि दरवर्षी थोडं वाढवून सांगत — कारखान्याच्या फाटकात उभं राहून तिसऱ्या मजल्यावरच्या कढईत पडलेलं पेन्सिलीचं टोक ओळखलं होतं. मेहुणा जिन्यात असतानाच घरात जाहीर केलं होतं की स्वारी बसने आलीय, खिडकीशी बसलीय, आणि शेजारच्या बाईंच्या पिशवीत पेरू होते. लोक हसायचे. पण दुधाची, तुपाची, बंद कपाटातल्या उंदराची शंका आली की याच दारात यायचे. अशा माणसाने नाक गेल्याचं कोणत्या तोंडाने सांगायचं? नाकसाहेबांचं नाक गेलं तर मागे उरतो तो साहेब, आणि साहेब तर ते कधीच नव्हते.

मायक्रोवेव्ह मुलीने दिलेला. वर भरतकामाचा रुमाल, रुमालावर रेडिओ, अशा थाटात तो कोपऱ्यात नुसता बसून असायचा. बायको त्याला पेटी म्हणायची आणि पुसायची तेवढी नेमाने. नाकसाहेबांनीही त्याला चारचौघांत नावं ठेवली होती — ज्यात पदार्थ तापला तरी घराला पत्ता लागत नाही, तो चुलीतला मुका, म्हणायचे. पण तापातून उठल्यावर बायकोने दुधाचं पातेलं नाकाखाली धरलं, त्यांनी घाईघाईने 'गेलंय' म्हटलं, आणि चांगलं काठोकाठ दूध मोरीत ओतलं गेलं... ती पांढरी धार त्यांना जेवतानाही ताटात दिसत राहिली. दुसऱ्या दिवशी रेडिओ खाली उतरला. चमचाभर दूध आत ठेवायचं; बिघडलेलं असेल तर तापताच फाटतं, नसेल तर नाही. इतकं सरळ. पेटी खोटं बोलत नाही. खोटं मी बोलतो — आणि तेही स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडल्यावर.

मात्र म्हातारा दिवसभर त्या पेटीपाशी का घुटमळतो, याला काही कारण हवं की नको? म्हणून मग त्यांनी तिचे उपयोग शोधायला घेतले, आणि इथे मोठी गंमत झाली: बहाण्याने सुरू केलेलं काम त्यांना आवडायला लागलं. लसणाचा गड्डा जरासा आत फिरवला की पाकळ्या सालीतून निसटतात, शाळा सुटल्यावर पोरं निसटावीत तशा. खडा झालेला मध झाकण काढून ठेवला की मुकाट्याने वाहू लागतो. सर्द मीठ मोकळं होतं, मऊ पडलेली बिस्किटं पुन्हा कुरकुर करू लागतात. भांडी घासायचा स्पंज ओला करून — ओलाच, कोरडा ठेवलात तर पेटेल, हे ते तर्जनी उगारून सांगत — आत ठेवला की त्यातली सगळी घाण जिवानिशी जाते. जुन्या सुती मोज्यात तांदूळ भरून, गाठ मारून तापवला की मान शेकायला त्यासारखं सुख नाही. बायकोने पहिल्यांदा मानेवर घेतला तेव्हा डोळे मिटून 'अगं बाई' एवढंच म्हणाली, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांच्या एखाद्या उद्योगाला मिळालेली ती पहिली बिनशर्त दाद होती. खालचे वकील पाकिटावरची तिकिटं सोडवायला येऊ लागले — थेंबभर पाणी लावायचं, जरासं तापवायचं, तिकीट अलगद सुटतं. जिन्यातल्या बोलण्यात तर पेटीची कीर्ती फारच पुढे गेली होती. तीत विजारींना इस्त्री होते असं कोणीतरी म्हणालं, ते नाकसाहेबांनी खोडून काढलं नाही. छत्र्याही वाळतात म्हणे, यावर मात्र ते विनयाने म्हणाले, छत्रीचं जमत नाही, काड्या लोखंडाच्या असतात.

असं सगळं मजेत चाललेलं असताना सकाळी मुलीचा फोन आला होता. ती आज येणार होती, आणि कशासाठी हे आठवताच त्यांनी विसळलेली वाटी पुन्हा एकदा विसळली... नोकरी सोडून ती तिच्या घरी मागच्या खोलीत साबण बनवू लागली होती. साधा नाही, खूप फेटलेला, पाण्यावर तरंगणारा. एका हॉटेलने पहिली मोठी मागणी दिली होती. वास कोणता ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं, आणि एकदा माल काढला की काढला, दुसऱ्यांदा काढायची तिची ऐपत नाही. दोन नमुने होते. बाबा सांगतील तो.

बाबा सांगतील! बाबा काय सांगणार, कपाळ? रुपया उडवून सांगतील? दुधाची गोष्ट वेगळी, चुकलं तर एक पातेलं जातं. इथे पोरीचं वर्षभराचं फेटणं होतं, आणि ते आपल्या एका थापेवर तोललं जाणार... सांगून टाकावं सरळ. दार उघडतानाच सांगावं — पण दार उघडलं तेव्हा ती पिशवी छातीशी धरून उभी होती, लहानपणी उभी राहायची तशीच. तेव्हा ती संध्याकाळी दारातच त्यांच्या शर्टाची कॉलर ओढून हुंगायची: आज गुलाब, आज निलगिरी... बहुतेक वेळा बरोबर. आणि ते दर वेळी मान हलवायचे, 'जवळ आलीस, पण गुलाबाच्या मागे काय आहे ते सांग.' मागे कधी काही नसायचंच. नुसती हौस, पोरीला जरा पळवायची. ती मात्र डोळे घट्ट मिटून त्या नसलेल्या गोष्टीचा शोध घ्यायची...

सांगायचं राहूनच गेलं. मुलीने टेबलावर दोन पुड्या ठेवल्या, आईला चष्म्याचा नंबर तपासायला न्यायचं होतं म्हणून चपलाही काढल्या नाहीत.

"निवांत घ्या वास बाबा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तोच. मी डोकंच लावणार नाही आता."

दार लागलं. नाकसाहेब, दोन साबण आणि पेटी. त्यांनी पहिला नाकाला लावला, अगदी टेकवला, शेंड्यावर पांढरा डाग उमटेपर्यंत. हवा. दुसरा. तीच हवा. मग त्यांना कारखान्यातली जुनी युक्ती आठवली, ऊब दिली की वास उठतो, आणि मरता काय न करता अशा धीराने त्यांनी पहिल्या साबणाची चकती कापली, बशीत ठेवली आणि पेटीचं बटण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग चकतीच्या कडेला फुगवटा आला, एक छोटं गाल फुगवणं... आणि बघता बघता साबण उमलायला लागला — हो, उमलायलाच, दुसरा शब्द नाही — पांढरे लोट एकमेकांच्या खांद्यावर चढत, बशीबाहेर पाय सोडत, काचेला लागत, वर जात. त्या पिवळ्या उजेडात एक अख्खा ढग फिरत होता. घरचा ढग! नाकसाहेब आधी घाबरले, मग खुर्ची ओढून समोर बसले, आणि मग त्यांना हसू फुटलं, इतकं की डोळ्यांतून पाणी आलं. मी आयुष्यभर एवढ्या थापा मारल्या आणि ही कधी सुचली कशी नाही... त्यांनी ढग बाहेर काढला, जरा निवल्यावर बोट लावलं, तो भुसभुशीत चुरला. वास? नाही. पण आता थांबणं शक्य नव्हतं. दुसरी चकती केवळ बघण्यासाठी लावली गेली, हे प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. त्या क्षणी त्यांच्या डोक्यात ना हॉटेल होतं ना नाक.

भानावर आले ते दुसरा ढगही बशीत बसल्यावर. घरात वासाचा केवढा हलकल्लोळ उडाला असेल! म्हणजे, असणारच, त्यांना काय कळणार. बहिऱ्याने बँड लावून ठेवावा तशातली गत. बायको दारातच शिंकेल. त्यांनी खिडक्या उघडल्या, वाडग्यात पाणी घेतलं, लिंबाच्या चार फोडी टाकल्या आणि पेटीत उकळायला ठेवलं — वाफेने आतला साबण सुटतो, वास मरतो, फडकं फिरवलं की लख्ख. घंटी वाजल्यावर दार उघडलं आणि सगळी वाफ तोंडावर आली. डोळे मिटले गेले.

आणि तिथे... काहीतरी होतं.

लिंबू नव्हे. लिंबाच्या जागी अजून तीच कोरी हवा होती. पण त्या हवेच्या तळाशी एक बारीकशी रेघ, पेन्सिलीने ओढून खोडावी आणि तरी कागदावर राहावी तशी... त्यांनी श्वास धरला. सोडला. रेघ गेली. पुन्हा घेतला — आली? की आलीसं वाटलं? आठवणीलाही वास असतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक. या महिन्यांत कितीदा तरी त्यांनी चहा आठवून आठवून प्यायला होता. ते खुर्चीत बसले. उठले. दोन्ही ढगांवर पाळीपाळीने वाकले. दुसऱ्यावर जरा जास्त वेळ वाकून राहिले, आणि नेमकं तेव्हाच एक भलतंच सत्य समोर उभं राहिलं: हे झालं असेल तर कोणाला सांगायचं? ज्याचं गेलंच नव्हतं त्याचं परत आलं म्हणून पेढे कसे... घरभर नाचावं असा आनंद, आणि तो खिशात घालून बसायचा! त्यांना पुन्हा हसू यायला लागलं.

बायको दारातच शिंकली. मुलगी आत आली, टेबलावरचे ढग बघून थबकली, आणि हे काय म्हणून विचारण्याऐवजी बोटाने एक लोट चुरून बघत गालात हसली.

"कोणता मग?" तिने विचारलं.

"आधी तू सांग," नाकसाहेब म्हणाले. "दोन्हींचं. सावकाश."

ती बोलू लागली. पहिला तिला गोड वाटत होता, पाहुण्यासारखा, नीटनेटका. पण धुतल्यावर हातावर राहत नाही. दुसरा आधी तुसडा वाटतो, मग उबदार होतो, आणि तळाशी लवंग आहे थोडी. तिला दुसराच हवा होता, हे तिच्या आवाजातून इतकं स्वच्छ दिसत होतं की बहिऱ्यालाही कळावं. आजवर हिला कधी एवढं बोलूच दिलं नाही आपण... 'जवळ आलीस, पण' जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"दुसराच काढ," ते म्हणाले. "मी म्हणतो म्हणून नाही. तुला हवाय म्हणून काढ."

तिने दुसरी पुडी उचलून पिशवीत ठेवली. काम झालं होतं. पण नाकसाहेबांच्या आत, कुठेतरी खोल, एक कुरबुर चालू झाली होती — लवंग नाही ती. लवंग टोचते. हे टोचत नाही, हे खरवडतं, रंध्याखालून निघालेल्या लाकडाच्या ताज्या सालीसारखं... आठवण असती तर पोर म्हणाली तिथे 'हो लवंग' म्हणून गप्प बसली असती. हे वाद घालतंय. माझ्याशी नाही, तिच्याशी घालतंय. कोण घालतंय हा वाद?

"लवंग नाही," ते नकळत मोठ्याने बोलून गेले.

"मग काय आहे?" मुलीने आणि बायकोने एकदमच विचारलं.

थापा सगळ्या हात जोडून रांगेत उभ्या होत्या; एकेक नामी. त्यांनी एकीलाही बोलावलं नाही. ते टेबलावर वाकले, डोळे मिटले, रेघ होती... नव्हती... होती की काय... आणि आश्चर्य म्हणजे, ती नसली तरी भीती वाटत नव्हती.

"माहीत नाही," उभ्या जन्मात न उच्चारलेला शब्द उच्चारल्यासारखे ते चाचरत म्हणाले, आणि तो त्यांना इतका हलका, इतका गमतीचा लागला की त्यांनी पुन्हा म्हणून पाहिला. "माहीत नाही अजून. थांबा... पुन्हा घेऊ दे."