बेण्णीची सोबत

लोण्याच्या धंद्यात हात थंड असावा लागतो, आणि खंडोजींचा हात तर राग आला की तव्यासारखा तापायचा. म्हणून ते भांडण काढायचे तेही लोण्याचे गोळे पाण्यात सोडून झाल्यावरच. सन अठ्ठावन्न असेल. कानडी मुलखातल्या बसवनगुडीत त्यांचं दुकान होतं, आणि शेजारच्या हयवदनच्या बेकरीत त्यांचंच लोणी जाई. काप करायला पाव कालचा घ्यावा, लोणी थेट कडेपर्यंत लावावं, हे हयवदनला आपणच शिकवलं असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. घर मात्र लांब, चामराजपेठेत. तिथलं कुणी हयवदननं पाहिलेलं नव्हतं.

त्यांची एकुलती एक लेक भाग्यलक्ष्मी जेवायला मोठी नाठाळ. पाव असो की भाकरी, कड तेवढी उंदरासारखी गोल कुरतडायची आणि मधला भाग तसाच ठेवायची. तिच्या पोटात चार घास जावेत म्हणून खंडोजी रोज जेवताना एक गोष्ट पुढे न्यायचे. गोष्टीतल्या मुलीचं नाव, कानडीत लोण्याला बेण्णे म्हणतात त्यावरून, बेण्णी. ही बेण्णी नुसतं लोणी चाटायची आणि पाव जागच्या जागी ठेवून द्यायची. लेक खुदकन हसायची, आणि हसता हसता घास गिळायची.

एका सकाळी हयवदन दुकानाच्या पायरीशी उभा.

"अण्णा, रागावू नका. तुमची थोरली रोज येते. तुमचं नाव सांगते, म्हणून देतो. पण लोणी चाटून पाव परत फळीवर ठेवते हो!"

"थोरली? मला एकच मुलगी आहे रे, गाढवा!"

"मग ती कोण? काल तर बिचारीच्या एका पायात चप्पलही नव्हती."

खंडोजींच्या मुठीतला गोळा बोटांतून ओघळला. बेण्णीची एक चप्पल हरवायची, हे त्यांनी काल लोणी धुताना मनात ठरवलं होतं, आणि आजच्या जेवणासाठी राखून ठेवलं होतं.

घरी येऊन ते बायकोवर, वसुमतीवर बरसले. "गोष्ट गावभर करायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुमची गोष्ट, तुमचं तोंड," ती पोळी उलटत म्हणाली. "ओरडू नका, पोर जेवतेय."

"ऐक गं," ते लेकीसमोर बसले. "बेण्णी लांबच्या होसकोटे गावाच्या वाटेला लागली, ती परत आलीच नाही. संपली गोष्ट."

"एकटीच?"

"एकटीच."

"तिला भीती वाटते, अप्पा."

"मग न्यावं कुणाला तरी सोबतीला! पण या घरात पुन्हा तिचं नाव नको!"

लेक हसली नाही, रडलीही नाही. तिनं त्या दिवशी पहिल्यांदाच ताट स्वच्छ केलं.

दुसऱ्या दिवशी खंडोजी बेकरीत शिरले ते बाह्या सारूनच. "आली होती का ती भवानी?"

"आत्ताच गेल्या की! आज धाकटीलाही आणलं होतं," हयवदन कौतुकानं म्हणाला. "होसकोट्याची वाट विचारत होत्या. म्हटलं, सरी, बरं, सांगतो, आधी स्वल्प खाऊन घ्या."

खंडोजींचा उगारलेला हात तसाच राहिला. फळीवर दोन काप होते. एकावरचं लोणी चाटून पुसून नेलेलं. दुसऱ्याची कड बारीक दातांनी गोल कुरतडलेली, आणि मधलं लोणी तसंच, अजून थंड.