भिंतीच्या अलीकडे उणे एकोणपन्नास

खोक्यातून निघालेल्या वस्तू अशा: गेम कन्सोल एक, कंट्रोलर दोन, वायरी तीन, अकरा भाषांमधली माहितीपुस्तिका एक, आणि ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांची पुडी एक, जिच्यावर ‘खाऊ नये’ असं बजावलेलं होतं. आत्याने त्या सगळ्या पलंगावर ओळीने मांडल्या आणि पुस्तिकेतल्या यादीशी दोनदा ताडून पाहिल्या. कमी काहीच नव्हतं. भिंतीवरच्या टीव्हीवर चित्र येत होतं, आवाजही येत होता. फक्त कन्सोल घरातल्या वायफायला धरून राहत नव्हता. जोडला जायचा, मिनिटभर टिकायचा आणि सुटायचा. माहिती लहान लहान पाकिटांतून जाते-येते. त्यातली शंभरापैकी एकतीस वाटेतच हरवत होती, असं कन्सोलची स्वतःचीच तपासणी सांगत होती.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पाचला खेळ होता.

खेळ खारूचा. भावाची मुलगी, वय वर्षं दहा. गालात घास धरून बसते म्हणून खारू. नव्या शाळेत येऊन तिला तीन आठवडे झाले होते आणि अजून तिच्या शेजारी डबा उघडायला कुणी बसत नव्हतं. काल वर्गातल्या तीन मुलींनी आपणहून विचारलं होतं, गाड्यांच्या शर्यतीत आम्हाला चौथी हवी आहे, तू येतेस का? पाचला ये, नाही आलीस तर दुसरीला घेऊ. खारू ‘येते’ म्हणून मोकळी झाली आणि घरी येऊन आत्याला फोन लावून रडली, कारण घरात कन्सोलच नव्हता. आत्या आज स्वतःचा घेऊन आली होती, खोक्यासकट.

आत्या पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेली. त्यामुळे तिने आधी पाऊण तास आत्मविश्वासाने काम केलं. राउटर बंद करून चालू केला, त्याचा चॅनल बदलला, कन्सोलचं सॉफ्टवेअर नवं करून घेतलं. पुन्हा तपासणी लावली. आता एकतीसच्या जागी अडतीस हरवत होती.

“म्हणजे वाढली?” खारूने विचारलं.

“जराशी.”

“मोबाईलवरून दे ना मग नेट.”

“या इमारतीत मोबाईलला नेटवर्क फक्त गॅलरीत मिळतं. आणि बाहेरच्या खोलीतला टीव्ही माझ्याहून म्हातारा, त्याला ही वायर लागतच नाही. लांब केबल घ्यावी तर आज दुकान बंद.”

“म्हणजे आपण हात टेकले?”

“अजून नाही,” आत्या म्हणाली. पण तिचा चेहरा बघून खारूचा चेहरा पडलाच.

तेवढ्यात आजी दारात येऊन उभी राहिली. आजी एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायच्या कामावर होती. लोखंडी सळईचं एक टोक नळावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, आणि जमिनीखाली पाणी कुठे सुसकारतंय ते ऐकायचं. रस्ता न खणता ती हातभर अंतरात जागा सांगायची. निवृत्त होईपर्यंत उजवा कान अधू झाला होता. म्हणून ती नेहमी डावी बाजू पुढे करून बोलायची, आणि नवख्या माणसाला वाटायचं की बाई भांडायलाच आली आहे.

“काय काय बदललंस?”

“चॅनल, सॉफ्टवेअर, आणि राउटर बंद-चालू.”

“तिन्ही एकदम?”

“वेळ नव्हता गं, आई.”

“वेळ नसतो तेव्हाच एकेक बदलायचं. एम.एस्सी.ला शिकवत नाहीत का हे?”

“शिकवतात,” आत्या म्हणाली. “पहिल्याच वर्षी.”

“मग होतं तसं कर सगळं. आणि इथे काय बसली आहेस? तक्रार इथे आहे म्हणून खड्डा इथे खणायचा नसतो. टाकीपासून चालत यायचं. तुझी टाकी कुठली?”

“बाहेरच्या खोलीतला राउटर.”

“आणि ऐकायचं कशाने?”

आत्याने फोन पुढे केला. त्यात लहरींचा जोर दाखवणारा आकडा होता. आकडा उणे असतो, तिने सांगितलं. शून्याच्या जितका जवळ, तितका जोर जास्त.

“म्हणजे उणे चाळीस बरा आणि उणे ऐंशी वाईट. सगळंच उलटं आहे तुमचं,” आजी म्हणाली. “चालेल. खारू, खडू आण. आणि वही.”

आत्याने सगळं पूर्ववत केलं. पुढची वीस मिनिटं ती आजी सांगेल तसं करत होती. आजीने राउटरपासून खारूच्या खोलीकडे दर दोन पावलांवर फरशीवर खडूची रेघ मारायला लावली. फोन दर वेळी त्याच हातात, छातीच्या उंचीवर. आकडा नाचतो म्हटल्यावर तिने प्रत्येक रेघेवर तीन वाचनं घ्यायला लावली आणि मधलं तेवढं ठेवलं. खारू घाईने पुढच्या रेघेवर उडी मारायला लागली तेव्हा आजीने तिची वेणी धरून मागे ओढली.

“अगं आजी!”

“पाणी पळत नाही. तू पण पळू नकोस.”

राउटरजवळ उणे चौतीस. बाहेरच्या खोलीच्या दाराशी उणे एकेचाळीस. बोळात उणे चव्वेचाळीस, मग सत्तेचाळीस, आणि बोळाच्या शेवटी, खारूच्या खोलीच्या भिंतीपाशी, उणे एकोणपन्नास. तिथून वळसा घालून खोलीत गेल्यावर, त्याच भिंतीच्या पलीकडे, जिथे कन्सोल होता तिथे, उणे शहात्तर.

“हं,” आजी म्हणाली. “या दोन पावलांत सत्तावीस सांडले.”

“भिंत,” आत्या लगेच म्हणाली.

“कशावरून?”

“दुसरं काय असणार?”

आजीने दोघींना स्वयंपाकघराकडे पिटाळलं. ती भिंतही तशीच, त्याच विटांची, त्याच जाडीची. अलीकडे उणे अठ्ठेचाळीस आलं, पलीकडे उणे चोपन्न.

“भिंत पिते सहा,” आजी म्हणाली. “उरलेले एकवीस कुठे गेले?”

आत्याला उत्तर कळलं होतं, आणि ते तिने गिळलं होतं.

बोळाच्या शेवटी, खारूच्या खोलीच्या भिंतीला लागून, एक लोखंडी मांडणी उभी होती. तिचे खण चार, प्रत्येक खणात पिण्याच्या पाण्याचे वीस-वीस लिटरचे सहा कॅन. चोवीस कॅन, चारशे ऐंशी लिटर. फार वर्षांपूर्वी मुख्य जलवाहिनी फुटली होती आणि अर्धं शहर नऊ दिवस कोरडं होतं. ते नऊ दिवस आजी रस्त्यावर होती, आणि लोकांच्या शिव्या खायलाही तीच होती. तेव्हापासून नळावर तिचा काडीचा भरवसा राहिला नव्हता. दर आठवड्याला ती जुनं पाणी झाडांना घालून कॅन नव्याने भरून घ्यायची. बोळातून जाताना घरातल्या प्रत्येकाच्या नडगीला एकदा तरी कॅन लागला होता. ‘निम्मे कमी करूया का?’ असं खारूच्या बाबांनी एकदा विचारलं, तर आजी त्यांच्याशी दोन दिवस बोलली नव्हती. त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. आणि वायफायच्या लहरी पाणी किती झपाट्याने शोषून घेतं, हे आत्याने परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. तरी मघापासून ती मांडणीला वळसा घालून चालत होती आणि भिंतीला दोष देत होती.

“मधे जे उभं आहे, त्याचं नाव कुणी घेत नाहीये,” आजी म्हणाली.

तिने एका कॅनवर टिचकी मारली.

“पाणी पितं का गं या लहरी?”

“पितं. भरपूर.”

“मग तोंडाला कुलूप कशाला लावलंस?”

“तुझी मांडणी आहे, आई.”

“मोजायला बसल्यावर माझं-तुझं करायचं नाही.” आजीने मांडणीच्या खांबावर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला. “किती वाजले?”

“चार अठरा.”

“चल तर. रिकामी करा.”

“मांडणीपण हलवू ना? लोखंड आहे, तेही अडवतं. दोन्ही काढलं की काम झालं.”

“काम होईल. पण अडवत कोण होतं ते कळेल का?”

आत्याने मान हलवली. भावाच्या घरच्या बोळात, आईसमोर, ती पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत परत गेली होती आणि तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. बारा मार्गदर्शकांच्या हाताखाली तिने काम केलं असेल. स्वतःविरुद्धचा पुरावा इतक्या नीट गोळा करताना त्यातला एकही तिने पाहिला नव्हता.

वरचा खण आधी. कॅन आत्याने उतरवायचा, खारूने आडवा करून न्हाणीघराकडे लोळवत न्यायचा, आजीने तिथे लावून घ्यायचा. एक खण संपला की खोलीत जाऊन वाचन.

“उणे बहात्तर!” खारू ओरडली.

“लिही. ओरडू नकोस.”

“तुला ऐकू यायला नको का?”

“डाव्या बाजूने ओरड मग.”

दुसरा खण: उणे पासष्ट. न्हाणीघर भरलं. पुढचे कॅन गॅलरीत गेले. आत्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, खारूचे तळवे लाल झाले होते. तिसरा खण: उणे एकोणसाठ. चार वाजून एकोणचाळीस.

“आता जोडून बघू या का?” खारूने विचारलं. तिचा जीव टांगणीला लागला होता. “पुरेल कदाचित.”

“पुरेलही,” आजी म्हणाली. “पण शेवटचे सहा राहिले तर तुझी आत्या आयुष्यभर भिंतीला नावं ठेवेल.” मग ती थांबली आणि बोटांवर काहीतरी मोजलं. “अलीकडे एकोणपन्नास. भिंतीचे सहा. लोखंड निर्दोष असेल तर पंचावन्न आले पाहिजेत. लिहून ठेव आधी.”

खारूने लिहिलं: पंचावन्न. खाली रेघ मारली.

शेवटचे सहा कॅन निघाले. बोळात रिकामी मांडणी उभी होती. तिच्या चारही खणांतून पलीकडची भिंत दिसत होती. इतक्या वर्षांत ती कुणालाच दिसली नव्हती. तिथला रंग बाकी घरापेक्षा एक छटा गडद निघाला. आत्या फोन घेऊन खोलीत गेली. छातीच्या उंचीवर धरला. पहिलं वाचन छप्पन्न. दुसरं पंचावन्न. तिसरं पंचावन्न.

ती बाहेर आली आणि तिने फोन आजीसमोर धरला. आजीने चष्मा वर सरकवून आकडा पाहिला.

“मांडणी राहू दे उभी,” ती म्हणाली. “तिची काही चूक नाही. पुस्तकं ठेवा हवं तर.”

“आणि आंघोळ कुठे करायची, आजी? न्हाणीघरात बारा कॅन आहेत.”

“एक दिवस नाही केलीस तर वर्गातल्या मुलींना वास नाही जाणार. टीव्हीतून दिसतं, वास येत नाही. येतो का गं?”

“अजून तरी नाही,” आत्या म्हणाली.

मघाशी सगळं पूर्ववत करताना कन्सोलमधला वायफायचा पासवर्ड पुसला गेला होता. तो कंट्रोलरने पुन्हा भरायचा होता, एकेका अक्षरावर बाण नेऊन. अक्षरं सोळा. आत्याचं तिसरंच अक्षर चुकलं, तेव्हा खारूने कंट्रोलर तिच्या हातातून काढून घेतला आणि सोळाच्या सोळा अक्षरं न चुकता भरली. आजी पलंगाच्या कडेला डावा कान टीव्हीकडे करून बसली. तपासणी सुरू झाली. पट्टी हळूहळू भरत गेली.

पाठवलेली पाकिटं शंभर. हरवलेली शून्य.

चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी पडद्यावर सुरुवातीची रेघ दिसली. रेघेवर गाड्या चार.