रिंकूचं खातं

माझ्या दुकानात येणारा प्रत्येक शहाणा एकदा तरी विचारतोच. "शालिकभाऊ, लोकायचे नंबर अन् तारखा ठेवाले घरी सर्व्हर? नेटवर तं सारं फुकट भेटते!" मी हसतो आणि त्याचं झेरॉक्स काढून देतो. खरं उत्तर द्यायला लागलो तर एकतर मी रडेन, नाहीतर त्याची कॉलर धरेन.

ब्रह्मपुरीला कॉलेजच्या रस्त्यावर माझा सायबर कॅफे आहे. बाप तलावावर मासे मारायचा आणि पोरगा दुकानात माशा मारतो, असं माझी बायको मैना म्हणायची. तेव्हा ती चेष्टा करायची.

आमची एकुलती एक लेक रिंकू सिकलसेलच्या आजाराची. दर महिन्याला रक्त चढवावं लागायचं, आणि गट बी निगेटिव्ह. हा गट असलेली माणसं शोधायला मी दोन जिल्हे पालथे घातले. भद्रावतीचा निकेश मिळाला, धानोऱ्याच्या पलीकडे जंगलातल्या गावचा दसरू मिळाला, अशी आठ-दहा जणं जमली. एकाने रक्त दिलं की पुढचे तीन महिने त्याला बोलवायचं नाही, म्हणून कोणी कधी दिलं ते पाहावं लागतं. शेजारचा भूपेश तेव्हा नागपूरला कॉम्प्युटर शिकत होता. त्याने कुठल्याशा परदेशी कंपनीच्या साइटवर फुकटचं खातं उघडून दिलं. त्यात सगळ्यांचे नंबर आणि एक कॅलेंडर.

आमच्याकडे गावच्या विहिरीवर एकच दोर असतो. ज्याला पाणी लागलं त्याने ओढावं. तसाच आमचा पासवर्डही एकच, सगळ्यांना सांगून ठेवलेला. निकेश भद्रावतीतून ते खातं उघडायचा, कोणी वडशातून, तर दसरू गडचिरोलीला आला की तिथल्या कॅफेवाल्याला मदतीला घेऊन. रक्त दिलं की ज्याने त्याने आपली तारीख टाकायची, नंबर बदलला तर तोही बदलायचा. मला या गोष्टीचा भारी अभिमान होता. रिंकूचं खातं म्हणजे सगळ्यांचं घर होतं, आणि भरल्या घराला कोण कुलूप लावतं?

कंपनीने लावलं.

धानाच्या रोवणीचे दिवस होते. रिंकूला ताप भरला, डोळे पिवळे झाले, धाप लागली. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज रक्त पाहिजे, आणि दवाखान्यात तो गट नव्हता. मी धावत दुकानात आलो आणि खातं उघडायला गेलो, तर समोर सूचना. हे खातं वेगवेगळ्या ठिकाणांहून वापरलं जात आहे, ते चोरीला गेल्याचा संशय असल्याने बंद केलं आहे. खरे मालक असाल तर सांगा, तुमच्या लहानपणीच्या जिवलग मित्राचं नाव काय?

कोणाच्या मित्राचं? मी भूपेशला फोन लावला. "काकाजी, तवा काईतरी टाकून देलं होतं," तो म्हणाला. "आता आठवत नाई." माझे मित्र टाकून झाले, भूपेशचे झाले, मैनाच्या मैत्रिणीही झाल्या. चुकीची उत्तरं फार झाली, तसा तो प्रश्नही समोरून निघून गेला.

तहसील बंद असली तर दारात ठाण मांडता येतं. साहेब भेटत नसला तर चपराश्याच्या पाया पडता येतं. या कंपनीला दारच नव्हतं. पोरगी मरायला टेकली आहे, असा मेल मी लिहिला. लगेच उत्तर आलं, आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. ते यंत्राने लिहिलं होतं. मी त्या यंत्राला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. भांडायला समोर माणूस तरी पाहिजे ना!

निकेशचा नंबर तेवढा तोंडपाठ होता, बाकी सगळे त्या खात्यातच अडकले होते. तो बिचारा भर पावसात मोटरसायकलने आला, पण त्याने मागच्याच महिन्यात दिलं होतं. तपासून डॉक्टर नाही म्हणाले. "घ्या न, मी मरत नाई," म्हणत तो त्यांच्यामागे फिरत राहिला. दसरूजवळ तर फोनच नव्हता, म्हणून त्याच्या गावाकडे जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ मी निरोप दिला. आमच्याकडे निरोप असेच जातात, आणि पोचतातही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिंकू गेली. मैनाने तिच्या तळपायांना हात लावला आणि म्हणाली, "थंडे झाले न हो."

संध्याकाळी दसरू आला. अंगावरचे कपडे ओले, आणि शर्टाची बाही आधीच वर सारलेली. माझं तोंड पाहून तो जागीच थांबला.

"भाऊ, मले फोन काऊन नाई केला?"

"तुह्याजवळ कुठी आहे बाप्पा फोन?"

त्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल काढला. "नवा घेतला न. नंबर टाकला होता रिंकूच्या खात्यात. काल दिवसभर तं मी इथीच होतो, बरमपुरीच्या बाजारात. घरी गेलो तवा निरोप भेटला."

इथीच होता. बाजार दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत भरतो. मी भिंतीवर डोकं आपटायला लागलो, तेव्हा दसरूनेच मला धरलं.

दिवाळीच्या सुमारास खातं आपोआप उघडलं. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, अशी एक ओळ होती. गैरसोय! मी भूपेशला बोलावलं. म्हटलं, यातलं सगळं काढ आणि माझ्या घरात आणून ठेव. त्याने जुन्या कॉम्प्युटरवर सर्व्हर बसवून दिला. भारनियमनातही चालावा म्हणून मी त्याला ट्रॅक्टरची बॅटरी जोडून घेतली. आता प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, आणि कोणी विसरलाच तर त्याने माझं दार वाजवायचं. दुसऱ्यांच्या लेकरांना त्यावरून रक्त मिळतं. लोकांना वाटतं, मला त्याचं समाधान असेल. तसलं काही नाही. एखादं पोरगं बरं होऊन घरी गेलं की मला रिंकूच आठवते आणि जेवण जात नाही.

जुन्या खात्यातून सगळं आलं, त्यात तिची नोंदही आली. 'रिंकू, रक्त.' दर महिन्याची, शेवटची तारीख न टाकलेली. दर महिन्याला त्या दिवशी आठवण द्यायला कॉम्प्युटर वाजला की मैना हातातलं काम सोडून उठते, दवाखान्याच्या पिशवीत पाण्याची बाटली भरते, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसून राहते.

परवा हे पाहून भूपेशला राहवलं नाही. "काकू, काढून टाकू का ती नोंद? एक बटन दाबलं का झालं."

"नोको बाबू," मैना म्हणाली. "त्या लोकायनं एकदा बंद केलं. आपल्या घरी नाई करत."