बाबा पुढे गेलेत

कमलिनीबाईंच्या डोक्यातून बहुतेक सगळं गळून गेलं होतं. नाशिकचं घर गेलं, सुनेचं नाव गेलं, नवरा वारला हेही गेलं. एक सकाळ तेवढी शिल्लक होती. म्हातारपणी केलेल्या युरोप टूरमधली, आल्प्समधल्या एका चिमुकल्या गावातली. ग्रुप झोपलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. जन्मभर बायकोच्या चार पावलं पुढे चालणारे यजमान त्या सकाळी थांबले होते, आणि ओळखीचं कुणी बघत नाही म्हणून तिचा हात धरून शेजारून चालले होते. हे त्या सतत सांगत आणि दर वेळी लाजत.

त्यांच्या सुनेला, शैलजाला, त्या गोष्टीचा वीट आला होता. नवरा वरुण समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर, इथे आखातात, अल दुहैलच्या घरात, ती आणि सासूबाई. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालवा, नाहीतर अंथरूण धरतील. मग ते सगळं कुणाला करावं लागणार, हे शैलजाला कुणी सांगायला नको होतं.

उन्हाळ्यात इथे बाहेर कोण चालणार? दुकानं उघडण्याआधी लोक मॉलमध्ये फेऱ्या मारतात. अल रय्यानच्या एका नव्या मॉलचा अख्खा मजला आल्प्समधल्या गावासारखा सजवलेला. लाकडी सज्जे, कुंड्यांत प्लास्टिकची लाल फुलं, भिंतीवर रंगवलेला बर्फाचा डोंगर. पहिल्याच दिवशी कमलिनीबाई थबकल्या. चेहरा उजळला.

"अगं, हे कुठायत?"

"बाबा पुढे गेलेत," शैलजा पटकन म्हणाली. "चला, गाठू त्यांना."

म्हातारी अशी काही निघाली की शैलजाला हसू आवरेना. मग काय, रोजचंच झालं. कोपऱ्यावर धापा टाकत थांबल्या की शैलजा म्हणे, "ते बघा, आत्ताच वळले." गुडघे ठणकत, डोळ्यांत पाणी येई, पण बाई चालत. मॉलच्या दारावरचा रखवालदार मुदस्सिर एकदा म्हणाला, "मॅडम, अम्मा थक गयी हैं, बैठने दो ना." शैलजाने त्याला डॉक्टरांचं नाव सांगून गप्प केलं.

"थांबायला सांग ना गं त्यांना," कमलिनीबाई एकदा कळवळून म्हणाल्या. "इथे थांबले होते ते."

"त्यांना कुठली सवय थांबायची!" शैलजा म्हणाली. सासूबाई पुन्हा निघाल्या. चालत राहिल्या.

वरुण सुट्टीवर आला. आल्या आल्या आईपुढे बसला, मोबाईल धरला. "आई, ती आल्प्सची गोष्ट सांग. पुण्याला मधुराला पाठवतो. तुझी लेक रोज विचारते."

"कसली गोष्ट? गेले पुढे. मी हाका मारत होते. वळूनसुद्धा बघितलं नाही."

"अगं, हात धरला होता ना बाबांनी?"

"माझा?" कमलिनीबाईंनी आपला हात उलटसुलट करून पाहिला. "नाही रे. त्यांनी कधीच नाही धरला."

वरुणने बायकोकडे पाहिलं. शैलजाला क्षणभर वाटलं, सांगून टाकावं.

"विसरतात रे त्या आता," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी तिघंही मॉलमध्ये गेली. वरुणने आईपुढे हात केला. आईने तो घेतला नाही. पदर सावरून ती चार पावलं मागे राहिली आणि खाली मान घालून चालू लागली.