पाळण्याच्या भाषेचा ठराव

घशाच्या ऑपरेशनबरोबर शकुनबाईंचा आवाज गेला, तेव्हा नातवासाठी मनात बांधलेला पाळणा त्यांनी लिहून काढला. लेक नूपुर कोलकात्यातच वाढलेली. देवनागरी वाचताना तिची जीभ चिखलातून चालल्यासारखी चाले. म्हणून तिने पाळणा मराठी मंडळाच्या वेबसाइटवर चढवला. बारशाला घरातला बोलका स्पीकर तिथून वाचून तो म्हणणार होता.

आधी एकदा ऐकून पाहावं, म्हणून तिने स्पीकर लावला.

*हुगळीच्या वाऱ्या, हळू घाल झोका,*
*माझ्या तान्हुल्याला लावू नको धक्का.*

स्पीकरने एकेक अक्षर रसगुल्ल्यासारखं गोल करून गिळलं. ळ तर दारातूनच परत गेला. शकुनबाईंनी कानांवर हात ठेवले.

चूक नूपुरचीच. वेबसाइटच्या प्रत्येक पानाच्या पोटात एक चिठ्ठी असते, माणसांना न दिसणारी, फक्त यंत्रांनी वाचायची: हे काय आहे, कुणाचं आहे, भाषा कोणती. ती चिठ्ठी तिने बागबाजारच्या एका मिठाईवाल्याच्या पानावरून उचलली होती. भाषेपुढे 'बंगाली' तसंच राहिलं, आणि यंत्राने चिठ्ठीवर विश्वास ठेवला.

आता वेबसाइटचा पासवर्ड मंडळाचे सचिव प्रभाकरकाका यांनी बदलला होता. निवृत्त बँक अधिकारी.

"काका, एकच शब्द बदलायचाय."

"बदलू की गं. पण भाषा म्हणजे धोरण. ठराव हवा. सूचक हवा, अनुमोदक हवा."

"पाळणा मराठी आहे, याला ठराव?"

"ऑडिटला विचारलं तर काय सांगू?"

शनिवारी न्यू टाउनला सभा बसली. खजिनदार उन्मेष म्हणाला, "आपली पोरं घरात काय बोलतात ते बघा. 'बहुतांशी मराठी' लिहा."

"त्या रकान्यात 'बहुतांशी' बसत नाही," नूपुर म्हणाली.

"मग रकाना मोठा करा."

तेवढ्यात कुणाची तरी टॅक्सी आली, गणपूर्ती मोडली, विषय पुढे ढकलला.

रविवारी बारसं. झेंडूने मढवलेला पाळणा, वाट्यांत घुगऱ्या. स्पीकर सुरू झाला. शेजारच्या बंगाली आजींना एक शब्द कळला नाही, तरी त्यांनी डोळे पुसले. "माझ्या माहेरच्या गावचं बोलणं असंच," त्या हिंदीत म्हणाल्या आणि त्यांनी जीभ हलवत मंगल उलूध्वनी केला.

शकुनबाई उठल्या. स्पीकरची पिन काढली. पाळण्याची दोरी लेकीच्या हातात दिली आणि पाळण्याच्या कठड्यावर बोटांनी ठेका धरला.

नूपुर गाऊ लागली. अडखळली. ळ निसटला, तिने मागे जाऊन पुन्हा आणला. शकुनबाईंचे ओठ बिनआवाजी तिच्याबरोबर हलत होते. बाळाने डोळे उघडले.

प्रभाकरकाका घुगऱ्यांची वाटी घेऊन उभे राहिले आणि डोकी मोजू लागले. "गणपूर्ती आहे. सूचक शकुनवहिनी. अनुमोदक कोण?"

पाळण्यातून बारीक हुंकार आला.

"उन्मेष, नोंद घे."

"थांबा हो काका," नूपुर दोरी न सोडता म्हणाली, "अजून एक कडवं राहिलंय."